मैदान आणि अभ्यासिका

आपल्या विद्यालयाच्या वार्षिक अहवालात यशस्वी विद्यार्थ्यांच्या दोन याद्या असतात. एका पानावर शालान्त परीक्षेतील गुणवंत आणि दुसऱ्या पानावर क्रीडास्पर्धांतील विजेते. या दोन पानांवर सहसा वेगवेगळी नावे आढळतात. आमच्या वर्षी मात्र एक नाव दोन्ही पानांवर होते. त्या मैत्रिणीविषयी आणि तिच्यामुळे आम्हां सर्वांना जे उमगले त्याविषयी या स्मरणिकेत लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. तिने अनुमती दिली. पण ‘माझे नाव छापू नका, आपण बारा जणी होतो’ अशी अटही घातली. ती अट मान्य करून हा लेख आम्ही बारा जणींच्या वतीने लिहीत आहोत. लिहिणारा हात एकीचा असला तरी मजकूर सर्वांनी वाचलेला आहे.

ती सहावीत आली तेव्हाच आमच्याहून वीतभर उंच होती. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात तिचे गाव. आईवडील दोघेही मजुरी करीत. स्वतःची दोन एकर होती, पण ती पावसाच्या भरवशावर. प्रवेशाच्या दिवशी अधीक्षिका ताईंनी प्रत्येकीला पुढे काय व्हायचे आहे ते विचारले. आम्ही बहुतेकींनी ‘शिक्षिका’ असे उत्तर दिले, कारण शिकलेली बाई म्हणून आम्ही शिक्षिकाच पाहिली होती. ती म्हणाली, ‘डॉक्टर’. त्या वेळेपर्यंत तिने बास्केटबॉल पाहिलाही नव्हता.

आमच्या वेळी आजचे सिमेंटचे मैदान नव्हते. मुरूम टाकून रोलर फिरवलेली मोकळी जागा होती. दोन टोकांना लोखंडी खांब पुरलेले, त्यांवर फळ्यांचे बोर्ड आणि गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेल्या रिंगा. मुरमावर चेंडू सरळ उसळत नाही. खडा लागला की भलतीकडे जातो. त्यामुळे ड्रिबल करताना आमची नजर कायम खाली असे आणि क्रीडाशिक्षक सर दुरून ओरडत, ‘मान वर!’ तिने मात्र पहिल्याच वर्षी हाताच्या स्पर्शाने चेंडू ओळखायला शिकून घेतले. पहाटे वंदनेपूर्वी अंधारात चेंडूचा आवाज आला की ती उठली आहे हे आम्ही समजून घेत असू.

पावसाळा संपला की मैदानाच्या रेषा नव्याने आखाव्या लागत. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद हा आयत दोरी आणि चुन्याने आखणे सोपे. अडचण तीन गुणांच्या रेषेची. ही रेषा रिंगेच्या मध्याखालील बिंदूपासून ६.७५ मीटर त्रिज्येचा कंस असते. पण मैदानाच्या दोन्ही कडांजवळ ती कंस सोडून कडेला समांतर, कडेपासून ०.९० मीटर अंतरावर, सरळ धावते. कंस कोठे संपवायचा आणि सरळ रेषा कोठे सुरू करायची? सरांकडे नियमांचे पुस्तक होते, पण ते त्यांनी मुद्दाम उघडले नाही. आम्ही नववीत होतो. तिने चुन्याची पाटी खाली ठेवली आणि काडीने मुरमावर काटकोन त्रिकोण काढला. मैदानाची अर्धी रुंदी ७.५, त्यातून ०.९ वजा केले की ६.६. कर्ण ६.७५. पायथागोरसाच्या प्रमेयाने तिसरी बाजू सुमारे १.४२ मीटर. रिंगेचा मध्य शेवटच्या रेषेपासून १.५७५ मीटर आत असतो. दोन्हींची बेरीज जवळजवळ ३ मीटर. सरांनी पुस्तक उघडून दाखविले, तेथे २.९९ छापले होते. त्या दिवसापासून आमच्या वर्गात भूमितीची भीती बरीच कमी झाली.

दहावीत त्रिकोणमिती आली तेव्हाही असेच घडले. सर वर्षानुवर्षे सांगत आले होते, ‘चेंडू उंच टाका, सपाट टाकू नका.’ आम्ही ऐकत होतो, कारण सर सांगत होते. तिला कारण हवे होते. रिंगेचा आतील व्यास ४५ सेंटिमीटर आणि मुलींच्या चेंडूचा व्यास सुमारे २३ सेंटिमीटर. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटरचे दार मिळते. पण तो तिरपा आला तर त्याच्या वाटेवरून ते वर्तुळ चपटे दिसते आणि दाराची उंची ४५ गुणिले त्या कोनाचा साइन एवढीच उरते. ३० अंशांचा साइन म्हणजे अर्धा. म्हणजे दार साडेबावीस सेंटिमीटरचे. चेंडू त्याहून मोठा! तो रिंगेला न लागता आत जाऊच शकत नाही. गणिताच्या बाईंनी हे उदाहरण फळ्यावर लिहून घेतले, आणि पुढील वर्षीच्या मुलींनाही त्या ते शिकवीत असत, असे आम्ही ऐकले.

या खेळाचा जन्मच मुळी शाळेत झाला आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावा असा खेळ शोधला. पीच फळाच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. सज्जा १० फूट उंचीवर होता, म्हणून आजही रिंग १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. याच नेस्मिथ यांनी आधी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि खेळ शोधल्यानंतर १८९८ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. ही हकीकत सरांनी सांगितली तेव्हा ती फार वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे हा खेळ डॉक्टरनेच काढला की!’ ‘डॉक्टर नंतर झाला’, असे आम्ही दुरुस्त केले; पण तिच्या मनाने घ्यायचे ते घेतले होते.

विद्यालयाची दिनचर्या माजी विद्यार्थ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पालकांसाठी मात्र थोडे लिहितो. पहाटे उठणे, त्रिशरण-पंचशील, दहा मिनिटे आनापानसती, मग मैदान. नंतर शाळा, सायंकाळी पुन्हा तासभर सराव, प्रार्थना, भोजन आणि अभ्यासिका. कागदावर हे सर्व व्यवस्थित दिसते. शरीराला मात्र ते जड जाते. अभ्यासिकेत नऊच्या सुमारास तिची मान पुस्तकावर झुकू लागे. तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन कमी असल्याचे आरोग्य तपासणीत आढळले. आमच्यापैकी आणखी पाच जणींचेही तसेच होते. तेव्हापासून ताईंनी स्वयंपाकघरात शेंगदाणे-गुळाचे लाडू, मोड आलेली मटकी आणि पालेभाजी यांचा क्रम लावून दिला, लोहाच्या गोळ्या डोळ्यांसमोर घ्यायला लावल्या आणि गोळीनंतर चहा पिण्यास बंदी केली. मुलगी अभ्यासात मागे पडू लागली की सर्वांची बोटे खेळाकडे वळतात. आमच्या बाबतीत कारण ताटात आणि रक्तात होते. हे ताईंनी ओळखले नसते, तर खेळ बंद होऊन प्रश्न तसाच राहिला असता.

दहावीचे वर्ष आले. आमचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून विभागात पोहोचला. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालते. म्हणजे सहामाही परीक्षा मध्येच येते आणि शालान्त परीक्षा समोर दिसत असते. शिक्षकांमध्येही दोन मते होती. काहींच्या मते तिच्यासारख्या मुलीने यंदा मैदानावर पाऊल ठेवू नये. हे म्हणणारे तिचे शत्रू नव्हते. ती गावातली पहिली डॉक्टर व्हावी असे त्यांनाही मनापासून वाटत होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत, मजुरी बुडवून, तिचे वडील एसटीने विद्यालयात आले. गावातील कोणीतरी त्यांना सांगितले होते की मुलगी शिकायचे सोडून चेंडू खेळते आणि पुढे त्यासाठी परगावी जाणार आहे. ते कार्यालयात खुर्चीवर बसले नाहीत. दाराशी उभे राहूनच ताईंना म्हणाले, “ताई, आमी पोरीले शिकाले धाडलं इथं. घाम गाळाचा असता त वावरात काय कमी व्हता?”

आम्ही दाराबाहेर होतो. हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीने ऐकले आणि प्रत्येकीला ते आपल्याच वडिलांच्या तोंडचे वाटले. आमच्या आजोबांनी, पणजोबांनी घाम गाळला तो दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या वाड्यात, दुसऱ्याच्या हुकमाने. त्यांच्या शरीरावर त्यांची स्वतःची सत्ता नव्हती. शिक्षण म्हणजे त्या घामातून सुटका, हा अर्थ आमच्या घरांनी फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पायी, बैलगाडीने, आगगाडीने गेलेल्या लोकांची आम्ही नातवंडे-पतवंडे. घरात बाबासाहेबांचे छायाचित्र असते, त्यांच्या हातात ग्रंथ असतो, चेंडू नसतो. अशा घरातील बापाला मुलीने हौसेने घाम गाळावा हे कसे पटावे? त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे मुळीच नव्हते. त्यात तीन पिढ्यांचा हिशेब होता. ज्यांना आपण खेळाचे महत्त्व पटवू पाहतो, त्यांच्यापुढे ‘खेळाने आरोग्य सुधारते’ हे वाक्य फार अपुरे पडते.

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्यांना आधी जेवू घातले. मग अभ्यासिकेत नेऊन तिच्या वह्या पुढे ठेवल्या. त्यांना अक्षरओळख बेताचीच. पण वहीचे पान भरलेले आहे की रिकामे हे त्यांना कळत होते. चाचण्यांचे गुण ताईंनी वाचून दाखविले. नंतर तिला बोलावून विचारले, “तू सांग, तुला काय सोडता येईल?” ती म्हणाली, “दोन्ही नाही सुटणार, ताई. पण अट घाला.” अट ठरली ती अशी : सहामाहीत एकाही विषयाचे गुण मागील वर्षाहून कमी झाले, तर विभागीय स्पर्धेचा संघ तिच्याविना जाईल. वडिलांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. “तुमी आई हाये तिची इथं,” एवढे ताईंना म्हणून ते शेवटच्या गाडीने परतले.

त्या आठवड्यात भंतेजींनी धम्मप्रवचनात सोण कोळीविसाची कथा सांगितली. आमची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती की नाही हे त्यांनी दर्शविले नाही. सोण हा श्रीमंत घरचा, सुकुमार पायांचा तरुण. राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण करता करता एवढे कष्ट घेतले की पायांतून रक्त आले. तरीही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला उपदेशाआधी एक प्रश्न केला. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? सैल सोडल्या तर? दोन्हीही वेळा ‘नाही’ असे त्याला म्हणावे लागले. भंतेजींनी यावर एक गोष्ट जोडली, ती आमच्या स्मरणात आहे. मध्यम मार्ग म्हणजे दोन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या करणे नव्हे. सोणाने प्रयत्न सोडले नाहीत. त्याने तार जुळवली. आणि तार एकदा जुळवून भागत नाही, रोज जुळवावी लागते.

आम्ही तार जुळवण्याचे काम वाटून घेतले. मैदानावर खेळाडू एका वेळी पाच, आणि दहावीचे अवघड विषयही आमच्या हिशेबी पाचच होते. प्रत्येक विषयासाठी दोघी-तिघींनी जबाबदारी घेतली. ज्या दिवशी सामन्यासाठी वर्ग बुडे, त्या दिवशी मागे राहिलेल्या मुली कार्बन कागद घालून टिपणे उतरवीत. एसटीच्या मागच्या बाकावर विज्ञानाच्या व्याख्या म्हणवून घेतल्या जात. चुकणारीला उतरल्यावर सर्वांच्या बाटल्या भराव्या लागत. झोप मात्र कापायची नाही, हा नियम ताईंचा; साडेनऊला दिवा बंद. त्रिशरणातील ‘संघ’ हा शब्द आम्ही लहानपणापासून उच्चारीत आलो होतो, आणि खेळाच्या चमूलाही मराठीत संघच म्हणतात. पहिला भिक्खूंचा, दुसरा खेळाडूंचा. त्यांची बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण एकमेकींच्या आधाराशिवाय कोणतीही शिस्त टिकत नाही, हे आम्हांला त्या वर्षी कळले.

सहामाहीत तिचे गुण कमी झाले नाहीत. गणितात वाढले.

विभागीय स्पर्धेचे मैदान मोठ्या शहरातले, सिमेंटचे, रंगवलेल्या रेषांचे. चेंडू नेमका जेथे आपटला तेथूनच सरळ वर येतो हे पाहून आम्हांला हसू आले. पहिला सामना आम्ही जिंकला. त्यानंतर प्रेक्षकांत बसलेले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “या शाळेच्या मुलींच्या अंगात ताकद असतेच. पण डावपेच कुठून आणतील?” आम्ही पाण्याच्या नळाशी उभ्या होतो, त्यांना दिसत होतो आणि ऐकूही येत होते. सरांनी आम्हांला बाजूला नेले. त्या रात्री मुक्कामी त्यांनी पळवणकर बाळूंची गोष्ट सांगितली.

बाळू पळवणकर पुण्यात एका क्लबच्या मैदानावर काम करीत आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. पुढे ते त्या काळातील भारतातले श्रेष्ठ फिरकी गोलंदाज ठरले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत असे; चहापानाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळे. आणि हिंदू संघाचे कर्णधारपद, योग्यता असूनही, त्यांच्याकडे आले नाही. ते मिळाले १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. तरुण बाबासाहेबांना बाळूंविषयी मोठा आदर होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, १९३७ च्या निवडणुकीत ते परस्परांविरुद्ध उभेही राहिले. पण बाळूंनी मैदानावर जे सिद्ध केले ते त्यामुळे पुसले गेले नाही. सर म्हणाले, “बाळूंचा हात यांना चालला. कर्णधारपद द्यायचे म्हणजे त्यांचे डोके मान्य करायचे. ते जड गेले. तुम्ही उद्या हात आणि डोके दोन्ही घेऊन उतरा.”

सरांनी त्याच रात्री जॉन मॅकलेंडन यांचेही नाव सांगितले. कॅन्सस विद्यापीठात खुद्द नेस्मिथ यांच्याकडे शिकलेला हा कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्णामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळू शकला नाही. १९३६ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला, प्रशिक्षक झाला आणि १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे त्याच्या संघाने लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. ज्याला मैदानावर येऊ दिले नाही, त्याने मैदानाचा अभ्यास केला. शिक्षण आणि खेळ ही दोन निरनिराळी दालने आहेत, ही समजूत त्या रात्री आमच्या मनातून गेली. आमच्यासारख्यांना खेळात केवळ ताकदीपुरते आणि शिक्षणात केवळ पाठांतरापुरते ठेवायचे असेल, तर दोन्हीकडे अडवणूक करणारी दृष्टी एकच असते.

उपान्त्य सामन्यात आम्ही हरलो. सात गुणांनी. समोरचा संघ आमच्याहून चांगला होता, त्यांच्याकडे रोजचे सिमेंटचे मैदान होते आणि त्यांना उन्हात सावली कोठे पडते हेही ठाऊक होते. शेवटच्या मिनिटात तिला दोन फ्री थ्रो मिळाले. पंचांनी चेंडू हातात दिल्यावर पाच सेकंदांत तो टाकावा लागतो. एवढ्या वेळात एक पूर्ण श्वास आत येतो आणि बाहेर जातो. सामना हातातून गेलेला होता, प्रेक्षक उठू लागले होते. तिने दोन्ही वेळा श्वास पाहिला आणि दोन्ही चेंडू रिंगेला न लागता जाळीतून खाली आले. आनापानसती कशासाठी, असा प्रश्न आम्ही अनेकदा विचारला होता. त्याचे एक छोटे उत्तर आम्ही तेव्हा पाहिले. नळाशी बोलणारे गृहस्थ सामना संपल्यावर सरांजवळ आले आणि त्यांनी विचारले, “ती उंच मुलगी कितवीला आहे? अभ्यासात कशी आहे?” सरांनी उत्तर तिलाच देऊ दिले.

शालान्त परीक्षेत ती विशेष प्राविण्याने उत्तीर्ण झाली. विज्ञान शाखेत गेली. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश मात्र तिला मिळाला नाही; एक वर्ष थांबून दुसऱ्यांदा परीक्षा दिली, तरीही काही गुणांनी हुकला. स्मरणिकांत अशी वर्षे बहुधा गाळली जातात. आम्ही ती लिहीत आहोत, कारण त्या वर्षी तिला सावरण्यासाठी तिच्यापाशी मैदान होते. सकाळी अभ्यास आणि संध्याकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावर लहान मुलींना ले-अप शिकविणे, असा तिने क्रम ठेवला. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला यायचे असते, ही सवय तिला खेळाने लावली होती.

तिने भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, निवडली. त्यामागे आमच्यातल्याच एका मैत्रिणीची गोष्ट आहे. नववीत असताना ती उंच उडीनंतर वेडीवाकडी उतरली, गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला आणि गुडघा सुजला. एका दवाखान्यात तिला मलम आणि आठवड्याची विश्रांती सांगण्यात आली. सूज उतरली, पण धावताना गुडघा दगा देऊ लागला. गुडघ्यातील ज्या अस्थिबंधाला डॉक्टर एसीएल म्हणतात तो तुटला होता, हे फार उशिरा कळले. उडी मारून उतरताना आणि धावता धावता एकदम वळताना ही इजा होते, आणि बास्केटबॉलसारख्या खेळांत ती मुलांपेक्षा मुलींना अधिक होते. मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी, गुडघे किंचित वाकवून दोन्ही पायांवर उतरण्याचा सराव, खेळापूर्वी पंधरा मिनिटांचे योग्य व्यायाम, एवढ्याने तिचा धोका बराच कमी करता येतो. ‘हे आपल्याला कोणी सांगितले असते तर’, हा विचार तिच्या मनातून गेला नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला, त्या काळात महाविद्यालयाच्या संघाकडून खेळलीही. जिचा गुडघा गेला होता, ती आज शिक्षिका आहे आणि तालुक्याच्या सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलावर बसते.

तिचे वडील वर्षानुवर्षे पाठीवर फवारणीचा पंप वाहत आले. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो. त्यांचा उजवा खांदा वर होईना. पदवीनंतर पहिले उपचार तिने त्यांच्यावर केले. भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम, दोरीचा व्यायाम, आणि शेवटी एक जुना चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर नेण्याचा. तिसऱ्या आठवड्यात हात वर गेला, तेव्हा ते तिला म्हणाले, “म्हंजे शेवटी तू मलेच खेळाले लावलं.” हे तिने आम्हांला सांगितले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो आणि थोड्या वेळाने कोणीच बोलेना.

पालकांना आम्हांला काही प्रामाणिकपणे सांगायचे आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, शालान्त परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात; हे खरे आहे आणि त्याचा लाभ घ्यावा. आमच्यातली एक पोलीस दलात आहे. परंतु एवढ्याच आशेने मुलीला मैदानावर पाठवू नका. वरच्या पायरीवर पोहोचणाऱ्या फार थोड्या असतात. पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय महिला संघाच्या कर्णधार झाल्या. वाराणसीच्या प्रशांती सिंह यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. आम्ही बारा जणींपैकी त्या उंचीवर कोणी गेली नाही. तरीही त्या मैदानाने आम्हांला काही ना काही दिले नाही, असे बारांपैकी एकही म्हणणार नाही. महामंगलसुत्तात बहुश्रुतता, शिल्प आणि उत्तम रीतीने अंगी बाणलेली शिस्त ही मंगले एकापाठोपाठ सांगितली आहेत. सकाळच्या परित्राणपाठात आम्ही ती रोज म्हणत असू. ज्ञान आणि हस्तकौशल्य यांना एकमेकांपासून तोडणे तथागतांच्या शिकवणीत बसत नाही. आपल्या समाजाने तर ही ताटातूट सर्वाधिक सोसली आहे.

शेवटी विद्यालयाच्या व्यवस्थापनाला आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आणि श्रमदानातून सिमेंटचे मैदान झाले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आता त्याच्या शेजारच्या खोलीत एक छोटी अभ्यासिका व्हावी. चार टेबले, पुस्तकांचे एक कपाट आणि सामन्यांमुळे बुडालेले धडे भरून काढण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस एक शिक्षक, एवढे पुरेसे आहे. वर्षातून एकदा सर्व मुलींची हिमोग्लोबिन तपासणी व्हावी. मुलींचे गुडघे आणि घोटे तपासण्यासाठी, सरावापूर्वीचे व्यायाम शिकविण्यासाठी आमची मैत्रीण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विनामूल्य येणार आहे. तसे तिने ताईंना कळविले आहे. पुस्तकांच्या कपाटाची जबाबदारी आम्ही उरलेल्या अकरा जणींनी घेतली आहे. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

नमो बुद्धाय, जय भीम.